वाट उपग्रहाची, खुणा आपल्या

अंध माणूस रस्त्यात थांबला की आजूबाजूचे लोक विचारतात, "कुठे जायचंय?" विचारण्यामागे मन चांगलंच असतं. पण कुठे जायचंय ते मला घरून निघतानाच ठाऊक असतं. त्या क्षणी मला कळायला हवं असतं ते एवढंच की, मी आत्ता कुठे उभी आहे? डोळस माणसाला हे कुणाला विचारावं लागत नाही. दुकानांच्या पाट्या, समोरून जाणाऱ्या बसचा नंबर, चौकातला पुतळा, सगळं न मागता त्याच्या पदरात पडत असतं. आम्हाला ही माहिती जीपीएसमुळे मिळू लागली आणि या तंत्रज्ञानाचं मोल मी त्यातच मोजते. 'शंभर मीटरवर उजवीकडे वळा' हे सांगणं त्याचं दुय्यम काम.

मी डोंबिवलीत राहते आणि फोर्टमधल्या एका बँकेत नोकरी करते. रेटिनायटिस पिग्मेंटोझा या आजारात माझी नजर कडांकडून आत आक्रसत गेली आणि तिशीच्या आत संपली. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी असते, तेव्हा नव्याने दृष्टी गमावलेल्या माणसांना मी फोन वापरायला शिकवते. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, आता फोनच सगळं सांगणार ना? मग काठी सोडली तर चालेल?" चालणार नाही. का, ते कळण्यासाठी जीपीएस नेमकं काय करतं हे आधी समजून घ्यावं लागतं.

पृथ्वीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे तीसेक उपग्रह फिरत असतात. प्रत्येकात अणुघड्याळ असतं, आणि प्रत्येक उपग्रह सतत दोनच गोष्टी सांगत असतो : मी अमक्या जागी आहे आणि आत्ता इतके वाजलेत. हा संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो. तो किती उशिरा पोचला यावरून फोन त्या उपग्रहाचं अंतर काढतो. वेळ मोजण्यात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतर 300 मीटरनी चुकतं. जागा ठरवायला तीन उपग्रह पुरले असते, पण फोनमधलं घड्याळ स्वस्तातलं असतं. त्याची चूक हुडकायला चौथा उपग्रह लागतो. एवढा सगळा हिशोब झाल्यावर, मोकळ्या आकाशाखाली, साध्या फोनला आपली जागा पाचेक मीटरपर्यंत अचूक कळते.

गाडी चालवणाऱ्याला पाच मीटर पुष्कळ झाले. मला मात्र या पाच मीटरांत फुटपाथ आणि रस्त्याचा मध्य यांतला फरक कळायला हवा असतो. फोर्टमध्ये तर प्रकरण आणखी अवघड. तिथल्या उंच दगडी इमारतींवर आपटून उपग्रहाचा संदेश वळसा घेत फोनपर्यंत येतो. वळशामुळे त्याला उशीर होतो, फोनचं गणित बिघडतं आणि तो मला रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर नेऊन उभी करतो. दोन वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सींवर ऐकणाऱ्या नव्या फोनांना खरा संदेश आणि असा प्रतिध्वनी बऱ्यापैकी वेगळा काढता येतो, पूर्णपणे मात्र नाही. आणि सीएसएमटीच्या सबवेत शिरलं की आकाशाशी संबंधच तुटतो. तिथे पायऱ्यांचे कठडे आणि माणसांच्या लोंढ्याची दिशा, यांवरच काम भागवायचं.

शिवाय उघडं गटार, फुटपाथवर चढवलेली स्कूटर, दुकानाबाहेर काढून ठेवलेली पायरी यांतलं काहीही कुठल्याच नकाशात नसतं. ते काठीला सापडतं. लांब काठी पावलांच्या तालात डावी-उजवीकडे फिरवत चालायची पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या व्हॅली फोर्ज लष्करी रुग्णालयात रिचर्ड हूव्हर यांनी बसवली. युद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी. काठी पुढच्या पावलाचं सांगते, जीपीएस पुढच्या चौकाचं. मधलं सगळं कानांनी भरून काढायचं असतं. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना एक गोष्ट मी बजावून सांगते : रस्त्यावर दोन्ही कानांत हेडफोन कोंबायचे नाहीत. गालाच्या हाडावर टेकून कंपनांतून आवाज पोचवणारे हेडफोन मिळतात. त्यात कान मोकळे राहतात आणि मागून येणाऱ्या बाइकचा अंदाज जात नाही.

आणखी एक अडचण डोळसांच्या सहसा लक्षात येत नाही. जीपीएसला माणसाची जागा कळते, पण उभ्या माणसाचं तोंड कुठे आहे ते कळत नाही. चालायला लागलं की दोन जागांमधली रेघ ओढून फोन दिशा ठरवतो. थांबलं की त्याचा भरवसा फोनमधल्या होकायंत्रावर, आणि लोखंडी पुलाजवळ ते होकायंत्र बहकतं. 'उत्तरेकडे जा' असं फोन म्हणाला तर मी काय करायचं? म्हणून आमच्यातले सराईत लोक आधी ओळखीच्या सुरक्षित कडेने थोडं चालतात, दिशा पक्की करतात आणि मगच फोनचं ऐकतात. काही ॲप घड्याळाच्या भाषेत बोलतात, 'औषधाचं दुकान, दोन वाजता.' म्हणजे उजव्या हाताला, जरा पुढे. अंधांच्या शाळांत जेवणाचं ताटसुद्धा असंच शिकवतात, त्यामुळे ही भाषा अंगवळणी पडलेली असते.

हे सगळं अंधांच्या उपयोगी पडावं अशी कल्पना जीपीएस पूर्ण उभं राहण्याआधीच निघाली होती. कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बरा विद्यापीठात रेजिनाल्ड गोलेज नावाचे भूगोलाचे प्राध्यापक होते, जन्माने ऑस्ट्रेलियन. माणसं मनात नकाशे कसे बनवतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. 1984 साली त्यांची स्वतःची दृष्टी गेली. पुढच्याच वर्षी त्यांचे सहकारी, मानसशास्त्रज्ञ जॅक लूमिस यांनी उपग्रहांवर चालणाऱ्या वाटाड्याची कल्पना मांडली. रोबर्टा क्लाट्झ्की याही त्यांना येऊन मिळाल्या. जीपीएस पूर्ण क्षमतेने चालू झाल्याची घोषणा झाली 1995 मध्ये. त्याच्या आधीच या मंडळींचं यंत्र विद्यापीठाच्या आवारात फिरत होतं : पाठीवरच्या पिशवीत कॉम्प्युटर, वर अँटेना, कानांवर हेडफोन. त्यातली खरी युक्ती हेडफोनमध्ये होती. ग्रंथालय डावीकडे असेल तर 'ग्रंथालय' हा शब्द डावीकडूनच ऐकू यायचा. जागा स्वतःच हाक मारायची.

ही युक्ती आमच्या लोकलच्या प्रवाशांना पटकन कळेल. बऱ्याच स्टेशनांवर अपंगांचा डबा जिथे थांबतो, तिथे प्लॅटफॉर्मवर एक यंत्र बीप-बीप करत असतं. दिशा कुणी सांगावी लागत नाही, आवाजाच्या रोखाने चालत जायचं.

त्या काळी सर्वसामान्यांसाठी असलेला जीपीएसचा संदेश अमेरिकी सरकार मुद्दाम गढूळ करून सोडत असे. लष्कराची अचूकता इतरांना मिळू नये म्हणून. त्यामुळे चूक शंभर मीटरपर्यंत जाई. मे 2000 च्या सुरुवातीला ही अडवणूक बंद झाली. त्याच वर्षी माइक मे यांच्या सेंडेरो ग्रुपने लॅपटॉपवर चालणारी बोलती प्रणाली बाजारात आणली. मे यांची दृष्टी वयाच्या तिसऱ्या वर्षी एका स्फोटात गेलेली. 2002 मध्ये हेच तंत्र ब्रेलनोट या सोबत नेता येणाऱ्या ब्रेल यंत्रावर आलं. मात्र ही यंत्रं आमच्यासारख्यांच्या खिशाच्या पार पलीकडची होती.

खिशातलं जीपीएस आलं ते नोकियाच्या फोनवर. टॉक्स नावाचं, स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तेव्हा अंध मंडळींत घरोघरी पोचलं होतं. त्याच्या जोडीला कॅनडातल्या अंध प्रोग्रामरांनी लोडस्टोन हे फुकट ॲप्लिकेशन केलं. त्यात आयता नकाशा जवळजवळ नव्हताच. तुम्ही एखाद्या जागी जायचं, बटण दाबायचं, त्या जागेला नाव द्यायचं. पुन्हा तिथून गेलात की फोन ते नाव आणि अंतर बोलणार. साठवलेले पॉइंट एकमेकांना देताही यायचे. डोळसांना हे अपुरं वाटेल. मला मात्र अजूनही वाटतं, आमची गरज लोडस्टोनने सगळ्यांत बरोबर ओळखली होती.

कारण डोळसांचा नकाशा रस्त्यांचा असतो आणि आमचा खुणांचा. माझ्या फोनमध्ये आज साठवलेल्या काही खुणा सांगते : 'फुटपाथ संपतो, जपून', 'रॅम्पचा कठडा', 'इथे पिठाची गिरणी', 'सोसायटीचं छोटं फाटक', 'इथून रस्ता ओलांडायचा, पोलीस असतो'. यांतली एकही खूण कुठल्या कंपनीच्या सर्वेक्षणात सापडणार नाही. गिरणीचा घरघराट ऐकू आला की फोन पाच मीटर चुकला तरी बिघडत नाही. फोन मला गिरणीच्या आसपास आणून सोडतो, पुढचं गिरणी सांगते.

पुढे स्मार्टफोनवर चांगली ॲप आली. 2012 मध्ये फिनलंडमधून ब्लाइंडस्क्वेअर आलं, त्यात फोन नुसता हलवला की तो जवळचा चौक आणि दुकानं सांगतो. 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टने साउंडस्केप आणलं. सँटा बार्बराची 'जागेने हाक मारायची' युक्ती आता आयफोनवर आली. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये गूगल मॅप्सने पायी चालणाऱ्यांसाठी सविस्तर बोलकं मार्गदर्शन सुरू केलं. योग्य रस्त्यावर आहात, वळण अजून इतकं लांब आहे, पुढे मोठा चौक आहे, जपा, अशा धर्तीचं. टोकियोतल्या गूगलच्या एका दृष्टिहीन कर्मचारी महिलेचा त्यात मोठा हात होता. सुरुवात झाली इंग्रजी आणि जपानीत. आता फोन मराठीही बोलतात, पण इंग्रजी आवाज लावला तर डोंबिवलीच्या फडके रोडचा उच्चार असा होतो की तिथे जन्म काढलेल्यालाही पत्ता लागणार नाही.

साउंडस्केपची पुढची हकिकत सांगायलाच हवी. 2023 च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टने ते बंद करायला घेतलं. लोकांनी त्यात घर, ऑफिस, बसथांबा, नातवाची शाळा अशा खुणा साठवलेल्या होत्या. सुदैवाने कंपनीने त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला केला आणि दुसऱ्यांनी त्यावरून नवी ॲप चालवली. यातून मी घेतलेला धडा साधा आहे. कुठलंही ॲप वापरा, पण आपल्या खुणांची यादी बाहेर काढून स्वतःकडे ठेवता येते का ते पाहा. ॲप जाईल, दुसरं येईल. खुणा गोळा करायला लागलेली वर्षं परत मिळत नाहीत.

आता या सगळ्याने रोजच्या जगण्यात काय बदललं? एकदा रिक्षाने घरी येत होते. फोन मांडीवर, आवाज बारीक. मी म्हटलं, "दादा, मागच्या चौकात डावीकडे वळायचं होतं ना? तुम्ही सरळ आलात."

काही वेळ नुसतं इंजिन ऐकू आलं. मग, "ताई, तुम्हाला दिसतं?"

"मला नाही. फोनला दिसतं."

"मग ताई, शॉर्टकट पण विचारा त्याला. पुढे खोदून ठेवलंय," तो म्हणाला. आणि खरंच खोदलेलं होतं. फोनला रस्ता ठाऊक होता, रिक्षावाल्याला खड्डा ठाऊक होता. दोघांचं मिळून मी घरी पोचले. एरवी रिक्षात मी पार्सलासारखी बसून असायची. त्या दिवशी रस्ता ठरवण्यात माझाही एक शब्द होता.

म्हणूनच डोळस वाचकांकडे माझं एक नेमकं काम आहे. आपल्याकडे सोसायटीची, दवाखान्याची, शाळेची मॅपवरची पिन बहुतेक वेळा इमारतीच्या किंवा प्लॉटच्या मधोमध टोचलेली असते. डोळस माणूस जवळ आला की नजरेने फाटक शोधतो. कुरियरवाला फोन करून विचारतो. मला फोन सांगतो, 'तुम्ही पोचलात', आणि माझ्या काठीसमोर सलग कंपाउंडची भिंत असते. प्रवेशद्वार मागच्या गल्लीत असलं तर भिंतीला प्रदक्षिणा घालत बसायचं. गूगल मॅपवर चुकीची पिन सुधारायची सूचना कुणालाही देता येते. ओपनस्ट्रीटमॅप हा तर 2004 पासून लोकांनी मिळून रचलेला नकाशा आहे. त्यात इमारतीचं दार, पायऱ्या, फुटपाथावरच्या उंचवट्याच्या फरशा, आवाज करणारे सिग्नल, सगळं नोंदवायची सोय आहे. अंधांची बरीचशी ॲप त्याच नकाशावर चालतात. तुम्ही आज केलेली नोंद पुढे कुणाच्या तरी कानात बोलणार आहे.

तेव्हा आपल्या इमारतीची पिन एकदा उघडून बघा आणि ती उचलून फाटकावर ठेवा. पायऱ्या असतील तर तेही लिहा. फाटकापर्यंत उपग्रहाने आणून सोडलं की तिथून पुढे आमची काठी समर्थ आहे.