लांडगा : शब्दातील आणि माळावरील

'लांडगा' हा शब्द ऐकताच आपल्याला काय आठवते? खोट्या हाकाटीला आपण 'लांडगा आला रे आला' म्हणतो. अनेकांनी मिळून ओरबाडून घेण्याला 'लांडगेतोड' म्हणतो. या प्रयोगांत शब्दाचा लक्ष्यार्थ प्रभावी ठरतो आणि प्रत्यक्ष प्राणी नजरेआड होतो. प्राणी डोळ्यांपुढे आलाच, तर तो बहुधा चित्रपटातील, बर्फावरचा पांढराशुभ्र लांडगा असतो.

आपला लांडगा मात्र साताऱ्यातील माण-खटाव आणि सांगलीतील आटपाडी, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांच्या माळरानांवर राहतो. उत्तर ध्रुवाकडील लांडगा आणि हा एकाच जातीचे. उपजाती तेवढ्या भिन्न. ध्रुवीय लांडग्याला थंडीपासून वाचवणारे दाट दुहेरी केस आणि आखूड कान असतात. आपला लांडगा अंगाने लहान असतो. त्याचे केस विरळ आणि रंग वाळल्या गवतासारखा भुरा असतो. उत्तरेत लांडगे-कोल्हे त्यांच्या लोकरी कातड्यासाठी मारले गेले. आपल्याकडे लांडगा मारला गेला तो मुख्यतः शेळ्यामेंढ्या नेतो म्हणून. धनगराचे ते नुकसान खरेच असते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने लांडग्याला संरक्षण दिले आहे.

परंतु कायदा प्राण्याला वाचवतो, तेव्हा त्याच्या जागेचे काय होते? येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. ज्या जमिनीवर पीक नाही, तिला आपण सहज 'पडीक' म्हणतो. 'पडीक' म्हटले की ती निरुपयोगी ठरते. मग ती नांगरणे, तेथे झाडे लावणे किंवा प्रकल्प उभारणे यांत कोणाचे काही बिघडते असे वाटत नाही. त्याच जमिनीकडे पाहून मेंढपाळ कुसळी, पवन्या, मारवेल अशी गवते नावानिशी सांगतो. त्याच्या लेखी ते कुरण असते. त्या गवतावर मेंढ्या जगतात, ससे जगतात आणि त्यांच्यामागे लांडगा जगतो. धनगर आणि लांडगा परस्परांचे वैरी खरे. पण माळ गेला, तर दोघेही बेघर होतील.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) वाचताना माणदेशातील माणसांबरोबर तेथील माळाकडेही लक्ष द्या. शब्द वस्तूला नाव देतो, तसाच तिचे मोलही ठरवतो, हे तेव्हा ध्यानात येईल.

उपक्रम : आपल्या परिसरातील एखाद्या ज्येष्ठ मेंढपाळाला किंवा शेतकऱ्याला भेटा. माळावरील गवते, प्राणी व जमिनीचे प्रकार यांसाठी त्यांच्या बोलीत असलेले दहा शब्द नोंदवा. त्यांपैकी किती शब्द प्रमाण मराठीच्या कोशात सापडतात, ते तपासा.