उतारवयातील परसबाग

नोकरीतून निवृत्त झाल्यावर अथवा मुले कामाधंद्यासाठी दूर गेल्यावर घरामागील परसात भाजी लावावी, असा विचार गोव्यातील खेड्यांत अनेकांच्या मनात येतो. मृगाच्या पहिल्या सरीबरोबर उत्साहाने सगळे परस खणून होते. श्रावणात तण माजते, कंबर धरते आणि दिवाळीपर्यंत हौस विरून जाते. हा दोष आळसाचा नव्हे. बाग जागेच्या मापाने आखली जाते, राखणाऱ्याच्या शरीराच्या मापाने आखली जात नाही, हे याचे खरे कारण होय.

म्हणून पहिल्या वर्षी तीन फूट रुंद व दहा फूट लांब असे दोनच वाफे घ्यावेत. रुंदी तीन फुटांची असली म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोहोचतो व वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. कडेने चिऱ्यांचे थर गुडघ्याच्या उंचीपर्यंत रचून आत माती, कुजलेले शेणखत व पालापाचोळ्याचे खत भरावे. चिऱ्यांच्या कडेवर बसून खुरपणी करता येते. ज्यांना उकिडवे बसणे जमत नाही, त्यांच्यासाठी एवढी एकच सोय बाग टिकवण्यास पुरेशी ठरते. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या काळातच कोसळतो. उंच वाफ्यात त्या पाण्याचा निचरा होऊन मुळे कुजत नाहीत, हा दुसरा लाभ. येथील जांभी माती बहुधा आम्लधर्मी असते. मात्र चुना किती घालावा, हे अंदाजाने न ठरवता माती तपासून घ्यावी. त्यासाठी विभागीय कृषी कार्यालयात चौकशी करावी.

पाणी हा या वयात सर्वांत जड भाग. दहा लिटरची भरलेली बादली म्हणजे दहा किलोंचे ओझे होय. तेव्हा वाफे विहिरीच्या अथवा नळाच्या जवळ असावेत आणि झारी अर्धीच भरावी. फेऱ्या वाढल्या तरी हरकत नाही.

पावसाळ्यात भेंडी, दोडकी, पडवळ व काकडी घ्यावी. वेलांचा मांडव खांद्याच्या उंचीचाच करावा; शिडीवर चढून काढावी लागणारी दोडकी फार महाग पडते. पावसानंतर वांगी, मिरची, मुळा आणि विशेषतः तांबडी भाजी. तांबड्या भाजीचे बी अतिशय बारीक असल्याने ते कोरड्या वाळूत मिसळून विरळ पेरावे. साधारणपणे महिनाभरात भाजी काढणीला येते. सगळा वाफा एकाच दिवशी न पेरता दर दहा दिवसांनी त्याचा एकेक भाग पेरला, तर दोन माणसांच्या घराला भाजी पुरवून पुरवून मिळते.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सर्वसाधारण प्रौढ व्यक्तीच्या रोजच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात, असे म्हटले आहे. दोन वाफ्यांतून तेवढी निघणार नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. गोव्याच्या बाजारातील बरीचशी भाजी बेळगावहून घाट उतरून येते व पुढेही येत राहील. परंतु काढल्यापासून तासाभरात चुलीवर चढणारी पालेभाजी परसातूनच मिळते. रक्त पातळ ठेवण्याचे औषध घेणाऱ्यांनी, तसेच मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, पालेभाजीचे प्रमाण एकाएकी वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे अगत्याचे आहे.

पावसात शेवाळलेल्या चिऱ्यांवरून पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, तर बागच काय, चालणेही दुरावते. वाटेवर वाळू अथवा खडी पसरावी व पाण्याची नळी आडवी टाकू नये. साचलेल्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळले असल्यास लेप्टोस्पायरोसिसचा धोका संभवतो. पायाला जखम असताना, विशेषतः मधुमेहींनी, अनवाणी चिखलात उतरू नये, गमबूट वापरावेत. धनुर्वाताची लस घेतली आहे की नाही, हेही पाहावे.

बियाणे राखणे हे काम मात्र वयाने अधिक चांगले साधते, कारण त्याला शक्ती कमी व लक्ष जास्त लागते. सात शिरांची भेंडी, अळसांदे, तांबडी भाजी यांचे जुने वाण कित्येक घरांत आजीच्याच हाती टिकून राहिले आहेत. खाऊन उरलेल्या अखेरच्या शेंगा बियाण्यासाठी ठेवण्याची प्रथा चुकीची आहे. सर्वांत सशक्त झाड आधीच हेरून त्याला दोरा बांधावा व त्याची भाजी काढू नये. शेंगा झाडावरच वाळू द्याव्यात, बी सावलीत सुकवून राखेत घोळावे आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे. बरणीवर वाणाचे नाव व वर्ष लिहावे. पुढच्या मृगात पेरणारा हात कदाचित नातवंडांचा असेल.