डोंगर लांब दिसावेत, श्वास मोकळा राहावा

घाट हुबेहूब उभा राहिलेला असतो. बोगद्यातून इंजिन बाहेर येते, दोन कमानींच्या पुलावरून डबे डौलात वळतात, खाली दरीत झाडे आहेत, झाडांखाली गुरेही आहेत. आणि या सगळ्याच्या मागे काय दिसते, तर खोलीच्या भिंतीवरचा विजेचा बोर्ड आणि गेल्या वर्षीचे कॅलेंडर! छोट्या आगगाड्यांचा छंद असणाऱ्या बहुतेकांच्या घरी ही वेळ येते. रूळ, इंजिने आणि स्टेशने यांवर महिनोन्‌महिने खर्च झालेले असतात. मागच्या पडद्याचा विचार मात्र शेवटी, घाईघाईत होतो. मग जवळच्या दुकानात जे मिळेल ते आणून ठोकले जाते. हा पडदा कशाचा करायचा, या साध्या प्रश्नात डोळ्यांचे विज्ञान तर आहेच, पण घरातल्यांच्या फुफ्फुसांचा प्रश्नही आहे.

हा छंद आपल्याकडे अगदीच नवखा नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय अनेक मराठी मुलांनी शाळेच्या सहलीत पाहिले आहे. परदेशात हॅम्बुर्गमधली छोट्या गाड्यांची अवाढव्य दुनिया २००१पासून पर्यटकांना खेचते आहे. घरगुती छंदात मात्र सगळा खेळ एका खोलीत, बहुतेकदा दारे-खिडक्या लावून चालतो. म्हणूनच तिथे काय कापले, घासले आणि रंगवले जाते, याला महत्त्व येते.

पडदा लागतोच का?

जगभर सर्वाधिक वापरले जाणारे ‘एचओ’ प्रमाण १:८७ आहे. म्हणजे खरा एक किलोमीटर मांडणीत साडेअकरा मीटर होतो. दहा फुटांची भिंत जेमतेम २६५ मीटरचा मुलूख दाखवते. पाच किलोमीटरवरचा डोंगर प्रमाणात दाखवायचा, तर तो ५७ मीटर लांब ठेवावा लागेल. एवढी खोली कोणाकडेच नसते. त्यामुळे जवळचे सारे खरोखरीचे उभे करायचे आणि लांबचे रंगवायचे, हाच मार्ग उरतो. संगीत नाटकांच्या काळात रंगवलेल्या पडद्यांनी हेच काम केले. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांची ख्याती प्रथम अशा पडद्यांमुळेच झाली.

फरक एवढाच की नाटकाचा प्रेक्षक लांब बसतो आणि छोट्या गाडीचा प्रेक्षक दोन फुटांवर उभा असतो. आपल्या दोन डोळ्यांत साधारण सहा सेंटिमीटरचे अंतर असते. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळे चित्र दिसते आणि त्या फरकावरून मेंदू अंतर मोजतो. ही मोजणी जवळच्या वस्तूंबाबत फार अचूक असते. म्हणून पडद्यावरची एखादी चमक, सुरकुती, सांधा किंवा झाडाची पडलेली सावली लगेच चुगली करते. सावली दिसली की मेंदू म्हणतो, हे आकाश नाही, ही फळी आहे. यावरून पडद्याच्या सामानाची पहिली अट ठरते : पृष्ठभाग सपाट, चमक नसलेला आणि शक्य तितका अखंड हवा. खोलीच्या कोपऱ्यात तो काटकोनात न मोडता गोलाईने वळायला हवा. काटकोनात दोन बाजूंवर वेगवेगळा उजेड पडतो आणि आकाशाच्या मधोमध उभी रेघ उमटते.

निळाई कुठून येते?

रंगांची अट हवेतून येते. हवेतले रेणू निळा प्रकाश तांबड्यापेक्षा सुमारे सहापट अधिक विखुरतात. लांबचा डोंगर आपण जितक्या जाड हवेच्या थरातून पाहतो, तितकी ही विखुरलेली निळाई त्याच्यावर चढते. लोणावळा-खंडाळ्याच्या कड्यावर उभे राहिले की जवळची रांग हिरवी, तिच्यामागची निळसर आणि शेवटची जवळजवळ आकाशात विरलेली दिसते, ती यामुळे. क्षितिजाजवळ हवेचा थर सर्वांत जाड, शिवाय धूळ आणि बाष्पाचे मोठे कण सगळेच रंग सारखे विखुरतात. म्हणून आकाश माथ्यावर गडद आणि खाली पांढुरके असते. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे संपूर्ण पडदा एकाच गडद निळ्या रंगाने रंगवणे. असा पडदा आकाशासारखा न दिसता निळ्या भिंतीसारखा दिसतो. रंग ज्या दिव्याखाली मांडणी पाहायची, त्याच दिव्याखाली जुळवावा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग पिवळ्या दिव्याखाली बिघडतो.

कोणते सामान, कोणती किंमत?

कागद आणि कापड : स्वस्त, हलके आणि रंगवायला सोपे. मात्र दोन्ही हवेतला ओलावा शोषतात, फुगतात आणि सुरकुततात. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्याचे चार महिने बंद खोलीत राहिलेल्या कागदावर, विशेषतः पीठाची खळ लावून चिकटवलेल्या कागदावर, बुरशी धरते. बुरशीचे बीजाणू दम्याच्या रुग्णाला त्रास देतात आणि ॲलर्जी असणाऱ्याला शिंका-खोकल्याने हैराण करतात. कापडात धूळही बसते.

एमडीएफ : सपाट, गुळगुळीत आणि सुताराकडे सहज मिळणारे. लाकडाचे तंतू बांधण्यासाठी यात बहुतेक वेळा युरिया-फॉर्माल्डिहाइडचा गोंद असतो. त्यातून फॉर्माल्डिहाइड वायू हळूहळू बाहेर येत राहतो. उष्णता आणि दमटपणा वाढला की अधिक येतो. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे ही त्याची तात्कालिक लक्षणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हा वायू माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवला आहे. लाकडाची बारीक धूळही त्याच गटात आहे. म्हणून एमडीएफ घ्यायचेच तर कमी उत्सर्जनाच्या ‘ई-१’ प्रतीचे घ्यावे, कापणे दुकानातच करून घ्यावे आणि कडांसह दोन्ही बाजू रंगाने बंद कराव्यात. कापलेल्या उघड्या कडा सर्वाधिक वायू सोडतात.

हार्डबोर्ड : तीन मिलिमीटर जाडीचा हार्डबोर्ड ही या छंदातली जुनी, भरवशाची निवड. अमेरिकेत विल्यम मेसन यांनी १९२४मध्ये शोधलेल्या पद्धतीत लाकडाचे तंतू उष्णता आणि दाबाने, लाकडातल्याच लिग्निनमुळे एकमेकांना चिकटतात. ओल्या पद्धतीने बनवलेल्या या बोर्डात बाहेरचा गोंद फार कमी लागतो. तो कोपऱ्यात छान वळतो. गुळगुळीत बाजू पुढे ठेवायची. एकच बाजू रंगवली तर मात्र दुसरी बाजू ओलावा शोषत राहते आणि बोर्ड वाकतो. म्हणून मागची, जाळीदार बाजूही रंगवावी.

थर्माकोल : डोंगर कोरायला मोहात पाडणारे सामान. महाराष्ट्रात २०१८पासून सजावटीसाठी थर्माकोल वापरण्यावर बंदी आहे, ही पहिली गोष्ट. जुने खोके घरात पडले आहेत म्हणून तापलेल्या तारेने कापायला बसणारेही आहेत. तार अति तापली की थर्माकोल नुसते वितळत नाही, धुरकटते. त्या धुरात स्टायरीन असते, ज्याची गणना ‘बहुधा कर्करोगकारक’ पदार्थांत झाली आहे. सॉल्व्हंट असलेला डिंक किंवा स्प्रेचा रंग लावला, तर पडदा डोळ्यांदेखत विरघळून खड्डे पडतात. आणि ठिणगी पडली, तर काळ्या धुराने खोली भरायला फार वेळ लागत नाही. गाडी जेमतेम बारा व्होल्टवर धावते. पण तिचा ट्रान्सफॉर्मर आणि वरचे दिवे २३० व्होल्टवर चालतात, हे विसरून चालत नाही.

सनबोर्ड आणि फ्लेक्स : सनबोर्ड म्हणून मिळणारा पीव्हीसीचा फेसाळ बोर्ड ओलाव्याला आणि वाळवीला दाद देत नाही. तो धारदार कटरने कापता येतो. लेसरने किंवा तापवून कापू नये, कारण पीव्हीसी तापल्यावर हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा वायू सुटतो. तो तापमानाने पसरतोही : तीन मीटरची पट्टी वीस अंश तापमानवाढीत तीन-चार मिलिमीटर लांबते. त्यामुळे दोन्ही टोके घट्ट ठोकली की उन्हाळ्यात मध्ये फुगा येतो. स्क्रूची भोके लांबट ठेवली की प्रश्न मिटतो. फ्लेक्सवर घाटाचा फोटो छापून आणणे सर्वांत झटपट. पण फ्लेक्स चमकतो आणि सॉल्व्हंट शाईचा वास बंद खोलीत रेंगाळतो. छापून आणलेला फ्लेक्स आधी काही दिवस गच्चीवर किंवा गॅलरीत सावलीत टांगून ठेवावा.

ॲल्युमिनियमचा पत्रा : महाग, कापायला त्रासाचा, पण ना कुजतो, ना वायू सोडतो, ना पेट घेतो. त्याच परिस्थितीत तो जेमतेम दीड मिलिमीटर पसरतो. गुळगुळीत असल्याने आधी पॉलिश पेपरने घासून धातूचा प्रायमर लावावा लागतो. कडांना टेप लावावी, नाहीतर बोटे कापतात.

रंग आणि हवा

रंगाबाबत निवड सोपी आहे : पाण्यात मिसळणारा, चमक नसलेला ॲक्रिलिक इमल्शन. घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण आपल्याकडे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम २०१७पासून लागू आहे. पण तो औद्योगिक रंगांना लागू नाही. म्हणून गॅरेजमधला उरलासुरला गाडीचा किंवा ग्रिलचा रंग लहान मुले वावरतात त्या खोलीत वापरू नये. जुना रंग कोरडा घासूनही काढू नये. घासण्याचे काम गॅलरीत, एन-९५ मास्क लावून आणि ओल्या फडक्याने पुसत करावे. साधा रुमाल बारीक धूळ अडवत नाही.

पडदा आणि बाहेरची भिंत यांत दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडली की मागून हवा खेळते आणि ओल साचत नाही. या एका सवयीने कागदापासून बोर्डापर्यंत सगळ्यांचे आयुष्य वाढते.

निवड करण्याआधी प्रत्येक सामानाचा वीतभर तुकडा आणून दोन दिवस पारखावा. एक तुकडा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून डबा उन्हात ठेवायचा आणि संध्याकाळी झाकण उघडायचे. उग्र भपकारा आला तर ते सामान झोपायच्या खोलीसाठी बाद. वास आला नाही म्हणून ते निर्धोक ठरत नाही, पण सर्वांत वाईट पर्याय तरी वगळले जातात. दुसऱ्या तुकड्यावर पाणी शिंपडून तो फुगतो का, वाकतो का, ते पाहावे. तिसरा रंगवून, रुळांच्या उंचीवर डोळे आणून, नेहमीच्या दिव्याखाली बघावा. घरात कोणाला दमा असेल, तर एमडीएफ आणि कागद यादीतून आधीच काढावेत आणि पत्रा किंवा दोन्ही बाजूंनी रंगवलेला हार्डबोर्ड यांतून निवड करावी.

हा छंद निवृत्तीनंतर जोपासणारे पुष्कळ असतात आणि गाडी सुटण्याची वाट पाहत नातवंडे शेजारी उभी असतात. त्यांची नाके बरोबर पडद्याच्या उंचीवर येतात. सामान निवडताना तेवढे ध्यानात ठेवले, तरी पुरे.