माथ्यावरचा सूर्य आणि देवळाचा कळस

आमच्या एका सहकारी शिक्षकांच्या निवृत्तीचं मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. त्यांनी हयातभर इंग्रजी शिकवलेलं, म्हणून मानपत्रही इंग्रजीत. सात रस्त्यावर चहा घेता घेता मसुदा मी त्यांनाच दाखवला. 'आपण कारकिर्दीच्या झेनिथवर असताना निवृत्त होत आहात' या वाक्याशी ते थांबले. म्हणाले, "म्हणजे सर, उद्यापासून मी मावळायला लागायचं?"

मी हसलो खरा, पण घरी येऊन शब्दकोश काढला. 'झेनिथ' आणि 'अ‍ॅपेक्स', दोन्हींचा अर्थ सर्वोच्च बिंदू. इंग्रज लोकही बोलताना एकाच्या जागी दुसरा वापरतात. तरी दोघांची कुळं वेगळी आहेत.

झेनिथ आकाशातला. अरबी 'सम्त अर-रास', म्हणजे डोक्यावरची दिशा. त्यातल्या 'सम्त'चं मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'सेनित' झालं. आपल्या बरोबर माथ्यावरचा आकाशातला बिंदू तो झेनिथ. मराठीत त्याला खमध्य म्हणतात. हा बिंदू बघणाऱ्याचा असतो. सात रस्त्यावर उभ्या माणसाचं खमध्य वेगळं, पंढरपूरच्या वाळवंटातल्या वारकऱ्याचं वेगळं. सूर्य रोज दुपारी त्या दिवसापुरता सर्वांत उंच येतो, पण खमध्यावर रोज येत नाही. २२ डिसेंबरला सोलापुरात तो भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवरच असतो. आपलं गाव साधारण १७.७ उत्तर अक्षांशावर, त्यामुळे वर्षातून दोनदाच, मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जुलै-ऑगस्टच्या सांध्यावर, तो थेट माथ्यावर येतो. तेव्हा उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच नाहीशी होते. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला, तिथं हा योग कधीच नाही. आणि आपल्याकडेही तो क्षण सरला, की सूर्य कलायला लागतो.

अ‍ॅपेक्स मात्र वस्तूचा. प्राचीन रोममध्ये काही पुरोहितांच्या टोपीच्या शेंड्यावर ऑलिव्हच्या लाकडाची टोकदार काडी असे, तिला अ‍ॅपेक्स म्हणत. पुढे त्रिकोणाचा शिरोबिंदू, शंकूचं टोक हे सगळे अ‍ॅपेक्स झाले. त्याला खाली पाया लागतो. आपल्या सिद्धेश्वराच्या देवळाचा कळस तळ्याच्या कुठल्याही काठावरून बघा, तोच दिसतो. दिवस मावळला म्हणून तो खाली उतरत नाही.

सरांना खटकलं ते हेच. माणसाच्या वैभवाचा, कीर्तीचा क्षण सांगायचा तर झेनिथ ठीक. पण वर्षानुवर्षं थरावर थर चढवून उभ्या केलेल्या कामाबद्दल बोलायचं, तर शब्द कळसाच्या कुळातला हवा.

मी वाक्य बदललं. 'आपल्या इतक्या वर्षांच्या अध्यापनावर आज कळस चढतो आहे,' अशा अर्थाचं, अ‍ॅपेक्स शब्द घालून लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर कागद त्यांच्यापुढे ठेवला. सरांनी तो दोनदा वाचला, खिशातून लाल पेन काढलं आणि एक स्वल्पविराम तेवढा दुरुस्त केला.