चुलीपाशीं ईश्वर-सान्निध्य

पॅरिस शहरांत व्होजिरार नांवाच्या रस्त्यावर कार्मेलाईट साधूंचा एक मठ होता. त्या मठाचें देवालय आजहि तेथें उभें आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास या मठाच्या मुदपाकखान्यांत एक आचारी काम करीत असे. रूपानें ओबडधोबड, पायानें अधू आणि हातानें अंमळ वेंधळा. तो मठवासी बंधु होता, धर्मगुरु नव्हता. वेदीपाशीं उभें राहून उपासना चालविण्याचा अधिकार त्याला नव्हता, मग व्याख्यानें देण्याची गोष्ट दूरच. स्वयंपाकाच्या कामाची त्याला उपजत नावड होती. तरीहि सुमारें पंधरा वर्षें त्यानें तेंच काम केलें, आणि पुढें पाय फारच दुखूं लागला तेव्हां, बसून करण्याजोगें म्हणून, मठांतल्या बंधूंच्या वहाणा दुरुस्त करण्याचें काम पतकरलें. याचें नांव बंधु लॉरेन्स.

ईश्वराच्या सान्निध्यांत रोजचें जीवन जगणें, या ख्रिस्ती साधनेविषयीं मला आज बोलावयाचें आहे. तिच्यावर विद्वानांनीं मोठमोठे ग्रंथ लिहिले आहेत. पण ती साधना सामान्य माणसाच्या हातीं दिली ती या आचाऱ्यानें, म्हणून त्याच्याच चुलीपाशीं आपण थोडा वेळ बसूं.

साधनेमागचा प्रश्न फार जुना आहे. पौलानें थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रांत अखंड प्रार्थना करण्याची आज्ञा आहे. ही आज्ञा ऐकून कोणीहि प्रापंचिक माणूस गोंधळून जाईल. अखंड प्रार्थना करावयाची, तर नांगर कोणी धरावा, पोरांना न्हाऊं-माखूं कोणी घालावें? मिसर देशाच्या वाळवंटांतील प्राचीन तपस्व्यांनीं चटया विणतां विणतां शास्त्रवचनें घोकण्याचा मार्ग काढला. पूर्वेकडील मंडळ्यांतील साधूंनीं येशूच्या नांवाची एक आटोपशीर प्रार्थना श्वासाबरोबर जपण्याचा परिपाठ घातला. पश्चिमेकडील मठांनीं दिवसाचे प्रहर पाडून प्रत्येक प्रहराला घंटा आणि स्तोत्रें नेमून दिलीं. पण घंटेची प्रार्थना संपली म्हणजे पुन्हां काम सुरू होई, आणि कामाच्या वेळीं देव कोठें असतो, हा प्रश्न तसाच राही. लॉरेन्सची सारी साधना या एका प्रश्नाचें उत्तर आहे.

त्याचें मूळचें नांव निकोलस हर्मन. जन्म १६१४ च्या सुमाराचा, फ्रान्सच्या पूर्वेकडील लोरेन प्रांतांतला. घर गरिबीचें. अठरा वर्षांचा असतांना ऐन हिवाळ्यांत त्याला एक निष्पर्ण झाड दिसलें. थोड्याच दिवसांत याला पालवी फुटेल, मग मोहोर येईल, मग फळ धरेल, असा विचार त्याच्या मनांत आला, आणि त्या विचाराबरोबर ईश्वराच्या सामर्थ्याची अशी कांहीं जाणीव झाली कीं ती त्याच्या मनांतून पुढें कधींच पुसली गेली नाहीं. मात्र म्हणून तो लगेच साधु झाला नाहीं. तीस वर्षांच्या युद्धांत तो शिपाई होता. जर्मन शिपायांनीं त्याला हेर समजून पकडलें व फांशीची धमकी दिली. त्यांतून सुटल्यावर स्वीडिश सैन्याशीं झालेल्या एका झटापटींत तो जखमी झाला. नंतर त्यानें एका बड्या अधिकाऱ्याकडे हुजऱ्याची नोकरी केली. तेथें आपण हाताला लागेल तें फोडीत असूं, असें तोच सांगे. १६४० मध्यें तो मठांत आला तो प्रायश्चित्ताच्या बुद्धीनें. आपल्या वेंधळेपणाबद्दल येथें आपली चामडी सोलून निघेल, अशी त्याची अपेक्षा होती. पुढें तो थट्टेनें म्हणे कीं देवानें आपल्याला फसविलें, कारण येथें समाधानावांचून दुसरें कांहीं वाट्याला आलें नाहीं.

ही थट्टा ऐकून कोणी असें समजूं नये कीं त्याला सारें सहज साधलें. मठांतील पहिलीं सुमारें दहा वर्षें त्याला फार जड गेलीं. मागील पापांची आठवण, आपण देवाला कधींच आवडणार नाहीं ही भीति, आणि ईश्वर-सान्निध्याचा हा सगळा खटाटोप म्हणजे आपला भ्रमच असावा, ही शंका! अखेर, हें असेंच मरेपर्यंत चालणार असेल तरी चालो, मी देवावरील प्रीतीस्तवच सर्व करीत राहीन, असा त्यानें मनाशीं निश्चय केला. समाधान आलें तें त्यानंतर. माझ्या मतें त्याच्या चरित्रांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही आहे, आणि लोक नेमकी तीच विसरतात. त्याच्या नांवावर हल्लीं जी गोड-गोड पुस्तकें निघतात, त्यांत हीं दहा वर्षें एका वाक्यांत उरकलेलीं असतात.

आतां प्रत्यक्ष साधना कशी होती तें पाहूं. लॉरेन्सच्या मतें ईश्वराचें सान्निध्य ही भावना नव्हे. अंगावर रोमांच उभे राहोत वा न राहोत, देव येथें आहे हें श्रद्धेनें धरावयाचें. डोळे मिटून एखादी आकृति कल्पावयाची, असेंहि नव्हे. काम हातीं घेण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, तें देवाला सांगावें आणि साहाय्य मागावें. काम चालू असतांना मधून मधून दोन शब्द मनांतल्या मनांत बोलावे. काम संपल्यावर चांगलें झालें असेल तर आभार मानावे, बिघडलें असेल तर क्षमा मागावी. इतकेंच. मठांतील नेमलेले प्रार्थनेचे तास तो पाळीत असे, परंतु ते तास आणि चुलीपुढचे तास यांत आपल्याला भेद वाटत नाहीं, असें तो सांगे. तव्यावरचें धिरडें उलथावयाचें तेंहि देवाच्या प्रीतीसाठीं, आणि करण्याजोगें कांहीं उरलें नाहीं तर जमिनीवर मस्तक टेकावयाचें.

येथें मराठी श्रोत्याला जनाबाईचें जातें आठवल्यावांचून राहणार नाहीं. साम्य आहे, पण तें फार ओढूं नये. जनाबाईच्या कथेंत विठ्ठल स्वतः दळूं लागतो. लॉरेन्सचें धिरडें देव उलथीत नाहीं. तें लॉरेन्सलाच उलथावें लागतें, आणि करपलें तर बोलणींहि त्यालाच खावीं लागतात.

आपल्याला अडचण येते ती पुढेंच: विसर पडतो. मीं स्वतः एकदां आठवडाभर हा प्रयोग करून पाहिला. दूध तापत ठेवून त्यापुढें मी मोठ्या एकाग्रतेनें ईश्वर-स्मरण करीत उभा राहिलों, आणि दूध उतूं गेलें. तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं दूध विसरायला लावणारें स्मरण लॉरेन्सचें नव्हे. त्याच्या मुदपाकखान्यांत तें एक दिवसहि चाललें नसतें. दुसऱ्या दिवशीं दुधावर लक्ष ठेविलें, तों देव विसरला, आणि मग त्या विसराबद्दल स्वतःला बोल लावण्यांत अर्धा तास गेला. यावरील लॉरेन्सचा उपाय विलक्षण साधा आहे. चूक झाली कीं ती कबूल करावी. तूं मला सोडलेंस तर माझ्या हातून दुसरें काय होणार, असें देवाला सांगावें. आणि मग त्या चुकीचा घोर न करतां पुन्हां कामाला लागावें. स्वतःला दूषणें देत बसणें हेंहि एक प्रकारें स्वतःकडेच पाहत बसणें आहे, हें त्या अशिक्षित बंधूनें ओळखलें होतें. सारी साधना या परत येण्यांत आहे. दिवसांत शंभर वेळां मन गेलें, तर शंभर वेळां परत यावयाचें. परत येण्याचीच हळूहळू संवय होते.

या साधनेवर आक्षेपहि आले, आणि ते क्षुल्लक नव्हते. लॉरेन्सचीं वचनें व पत्रें त्याच्या मृत्यूनंतर जोझेफ द बोफोर नांवाच्या धर्माधिकाऱ्यानें १६९२ आणि १६९४ मध्यें छापलीं. याच बोफोरनें १६६६ च्या ऑगस्टपासून त्याची भेट घेऊन संवाद टिपून ठेविले होते. पुस्तक निघालें तो काळ मोठा नाजूक. अंतःकरणांत निश्चल राहून सर्व कांहीं देवावर सोडावें, प्रयत्नाची फारशी गरज नाहीं, अशी शिकवण देणाऱ्या मोलिनोस नांवाच्या गुरूचीं मतें पोपनें १६८७ मध्यें निषिद्ध ठरविलीं होतीं. पुढें फेनेलों या थोर बिशपाच्या ग्रंथांतील कांहीं विधानांचीहि १६९९ मध्यें तीच गत झाली. फेनेलोंनें लॉरेन्सला आजारपणांत भेट दिली होती, आणि वादांत त्याचा दाखलाहि दिला होता. परिणाम असा झाला कीं या कॅथलिक बंधूचें पुस्तक त्याच्याच देशांतील कॅथलिकांत मागें पडलें, आणि तें जगविलें प्रॉटेस्टंटांनीं: प्रथम प्वारे नांवाच्या प्रकाशकानें, नंतर इंग्लंडांत जॉन वेस्लीनें. आक्षेपाचा गाभा मात्र ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. आंतील शांति हाच ज्याचा ध्यास, तो बाहेरील कर्तव्याला चुकणार नाहीं कशावरून? लॉरेन्सपुरतें उत्तर त्याच्या दिनक्रमांत मिळतें. मठासाठीं मद्य खरेदी करावयाला त्याला बर्गंडी प्रांतांत पाठविलें. व्यवहाराचें ज्ञान नाहीं, पाय अधू, नावेवरून हलावयाचें तर पिंपांवरून गडगडत जावें लागे. त्यानें हें तुझेंच काम आहे असें देवाला सांगितलें, आणि खरेदी नीट पार पाडून तो परत आला.

एका बाबतींत मात्र मी त्याच्याबरोबर जाऊं शकत नाहीं. दुखण्यानें गांजलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रांत, दुखणें हरण्यापेक्षां सोसण्याचें बळ मागा, औषधांवर फार भिस्त ठेवूं नका, असा त्याचा सूर आहे. स्वतः वर्षानुवर्षें वेदना सोसलेल्या माणसाला तसें म्हणण्याचा अधिकार असेल. पण तोच उपदेश निरोगी माणसानें दुसऱ्याच्या खाटेपाशीं उभें राहून करणें मला क्रूरपणाचें वाटतें. डॉक्टरला बोलावणें हेंहि, धिरड्याप्रमाणेंच, देवाच्या सान्निध्यांत करण्याचें एक काम आहे.

विसाव्या शतकांत हाच प्रयोग एका वेगळ्या माणसानें केला. फ्रँक लॉबाक हे अमेरिकन मिशनरी १९३० मध्यें फिलिपाइन बेटांत, मिंदानावच्या मुसलमान लोकांत एकटेच राहत होते. दर कांहीं मिनिटांनीं मन देवाकडे वळवावयाचें असा त्यांनीं नेम केला, आणि कोणता दिवस साधला, कोणता फसला, हें वडिलांना पत्रांतून प्रांजळपणें कळविलें. पुढें त्यांनीं निरक्षर प्रौढांना वाचावयास शिकविण्याचें जें काम जगभर उभें केलें, त्यानिमित्त ते भारतांतहि येऊन गेले. त्यांची अंतर्मुखता त्यांना खोलींत कोंडून ठेवूं शकली नाहीं, एवढें यावरून दिसतें.

आपल्याकडे नारायण वामन टिळकांनीं आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्यें, साताऱ्यास जी ख्रिस्तभक्तांची संस्था काढली, तिचें नांव 'देवाचा दरबार'. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाहि तिचें दार मोकळें होतें. लॉरेन्सच्या एका पत्रांतहि दरबाराचें चित्र आहे. आपण राजापुढें उभा असलेला अपराधी आहों, शिक्षेची वाट पाहत आहों. आणि राजा शिक्षा न करतां जवळ घेतो, आपल्या पंक्तीला बसवितो, स्वतःच्या हातानें वाढतो आणि भांडाराच्या किल्ल्या हातीं देतो. ज्यानें जन्मभर दुसऱ्यांना वाढलें, त्याला देव वाढतांना दिसावा, यांत मला नवल वाटत नाहीं.

त्याचें शेवटचें पत्र ६ फेब्रुवारी १६९१ चें आहे. थोड्याच दिवसांत देवाचें दर्शन होईल अशी आशा त्यानें त्यांत व्यक्त केली आहे. दोन दिवसांनीं त्यानें अंथरूण धरलें, आणि १२ तारखेस तो वारला.