पासवर्ड बरोबर, घड्याळ चुकीचं

मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद करा आणि मग ऑथेंटिकेटर अ‍ॅप उघडा. सहा आकडी कोड दर तीस सेकंदांनी बदलतच असतो. गंमत अशी की तो कोड शेजारच्या लॅपटॉपवर टाकला की सातासमुद्रापारचा सर्व्हर निमूटपणे दार उघडतो. फोन तर कुणाशी चकार शब्द बोललेला नाही. मग दोघांना एकच आकडा सुचला कसा?

सुरुवातीला आपण जो क्यूआर कोड स्कॅन करतो, त्यात एक गुप्त किल्ली असते. ती फोनमध्येही राहते आणि सर्व्हरवरही. बाकीचं काम वेळ करते. ग्रिनिचच्या हिशेबाने १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून किती सेकंद उलटले ते घ्यायचं, तीसने भागायचं आणि बाकी सोडून द्यायची. १५ नोव्हेंबर २०२३ च्या पहाटे आपल्याकडे ३ वाजून ४३ मिनिटं २० सेकंद झाले, तेव्हा हे सेकंद बरोबर १,७०,००,००,००० होते; भागाकार ५,६६,६६,६६६. हा आकडा आणि किल्ली एका गणिती चरकात घातली की वीस बाइटांचा रस निघतो. शेवटच्या बाइटचा अर्धा भाग सांगतो की यातले कुठले चार बाइट उचलायचे. त्यांची एक मोठी संख्या करून तिला दहा लाखांनी भागायचं. उरते ती बाकी म्हणजे आपला कोड! ही सगळी कृती २०११ च्या आरएफसी ६२३८ या मानकात उघड छापलेली आहे. लपवायची ती फक्त किल्ली.

मात्र दोन्हीकडची घड्याळं जुळली पाहिजेत. सर्व्हर सहसा एखाद्या कोडाचा मागेपुढेपणा चालवून घेतो. पण त्याचं घड्याळ दोन-तीन मिनिटं भरकटलं, की पासवर्ड बरोबर, कोड बरोबर, तरी उत्तर एकच: 'चुकीचा कोड'. माणूस पुन्हा टाकतो, पुन्हा टाकतो, चिडून पासवर्ड बदलतो आणि शेवटी खातं लॉक होतं. सर्व्हरच्या लॉगमध्येही बऱ्याचदा एवढंच दिसतं की कोड जुळला नाही. का जुळला नाही, ते लॉग सांगत नाही.

हे फक्त कोडापुरतं नाही. वेबसाइटच्या सर्टिफिकेटवर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपून संगणक जुन्या सालात गेला, की धडधाकट साइटही त्याला असुरक्षित वाटू लागते. अनेक कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये लॉगिनसाठी केर्बेरॉस वापरतात. एमआयटीत जन्मलेली ही पद्धत सहसा पाच मिनिटांपर्यंतच फरक खपवून घेते. हा कडकपणा उगाच नाही: चोरट्याने वाटेत पकडलेला लॉगिनचा संदेश तासाभराने पुन्हा पाठवला, तर तो शिळा आहे हे ओळखायला वेळेची नोंदच उपयोगी पडते.

यातला सगळ्यात फसवा प्रकार मला टाइमझोनचा वाटतो. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेवर, लावलेला असतो. कुणीतरी बघतो, 'अरे, हे घड्याळ साडेपाच तास मागे आहे', आणि काटे हाताने पुढे सरकवतो. आता भिंतीवरचं घड्याळ आणि स्क्रीन तंतोतंत जुळतात, पण आतली सेकंदांची मोजणी १९,८०० ने पुढे गेलेली असते, म्हणजे ६६० कोडांनी! पाहणाऱ्याला वेळ बरोबर दिसते, म्हणून तो घड्याळावर संशयच घेत नाही. अशा वेळी नुसती वेळ बघून भागत नाही. तिच्यापुढे यूटीसी लिहिलंय की आयएसटी (भारतीय प्रमाणवेळ), तेही बघावं लागतं.

घड्याळं जुळवत ठेवण्याचं काम एनटीपी (नेटवर्क टाइम प्रोटोकॉल) करतं. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडलेली ही व्यवस्था निरोपाला जाता-येता किती वेळ लागला तेही मोजून हिशेबात धरते. आपल्याकडे प्रमाणवेळ सांभाळते दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी संस्थांना आपली यंत्रं या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) वेळेशी जोडायला सांगितलं आहे. तुमच्या ताब्यात एखादा सर्व्हर असेल, तर लॉगिनची तक्रार आल्यावर पासवर्ड रीसेट करण्याआधी एनटीपी चालू आहे का, ते तपासा.