कन्सोलची पिढी कधी संपते?

व्हिडिओ गेमच्या कन्सोलची एक पिढी साधारण पाच ते आठ वर्षे चालते. सोनीचा पहिला प्लेस्टेशन १९९४ साली आला. पुढचे २०००, २००६, २०१३ आणि २०२० साली. ही मुदत तंत्रज्ञान ठरवते असे वाटते, पण खरी किल्ली स्पर्धेत मागे पडलेल्याच्या हाती असते. नवे यंत्र सुरुवातीला अनेकदा तोट्यात विकले जाते. भरपाई होते ती प्रत्येक गेमच्या विक्रीतून मिळणाऱ्या वाट्यातून. पुढे चिप स्वस्त होतात आणि नफा वाढतो. मग आघाडीवरची कंपनी चालू गाडी कशाला थांबवेल? घाई हरणाऱ्याला. प्लेस्टेशन २ पुढे टिकाव न लागलेल्या मायक्रोसॉफ्टने २००१च्या एक्सबॉक्सनंतर चारच वर्षांत एक्सबॉक्स ३६० आणला. सेगाने हीच घाई केली, तिला मात्र ती लाभली नाही: १९९८चा ड्रीमकास्ट हा तिचा शेवटचा कन्सोल ठरला.

आपल्याकडे या पिढ्यांचे वेळापत्रक कधीच जुळले नाही. नव्वदच्या दशकात मराठी घरांत आलेला ‘टीव्ही गेम’ म्हणजे बहुधा निनटेंडोच्या १९८३च्या फॅमिकॉमची नक्कल: समुराई, मीडिया, लिटल मास्टर. वरच्या खाचेत कॅसेट बसवायची, नाही चालली तर काढून फुंकर मारायची! जपानमध्ये तोवर सुपर फॅमिकॉम आला होता. पुढे प्लेस्टेशन २ इथे इतका रुळला, की शाहरुख खानच्या ‘डॉन २’ चित्रपटावरचा गेम २०१३ साली त्याच यंत्रासाठी निघाला. त्याच वर्षी परदेशात प्लेस्टेशन ४ विक्रीला आला.

पिढीची अखेर छोट्या निर्मात्याला मात्र सोयीची असते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ ऑगस्ट २०२० मध्ये निनटेंडोच्या स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वनवर आला. नवी यंत्रे महिन्यावर होती. मुहूर्त चुकला म्हणावे, तर प्लेस्टेशन ४ तोवर ११ कोटींहून अधिक विकले गेले होते. नव्या यंत्राचा ग्राहक अजून जन्मायचाच होता. शिवाय प्लेस्टेशन ५ वर आधीच्या पिढीचे बहुतेक गेम चालतात, त्यामुळे जुना माल एका रात्रीत निकालात निघत नाही. भारतात ते यंत्र फेब्रुवारी २०२१ मध्ये, ४९,९९० रुपयांना आले.